अनुभव किती वर्षांचा?

नोकरीच्या जाहिरातींत 'अनुभव' हा शब्द नेहमीं मोठ्या मानानें आलेला असतो. पांच वर्षांचा अनुभव असल्यास प्राधान्य, दहा वर्षांचा असल्यास अधिक चांगलें, असें त्या सांगतात. आणि वाचणाऱ्या सरळ मनुष्याची सहजच अशी समजूत होते कीं, पंचवीस वर्षांचा अनुभव घेऊन कोणी दाराशीं आला तर मालकाच्या आनंदाला पारावार राहणार नाहीं. तूप जितकें जुनें तितकें औषधी, असें वैद्य मानतात. अनुभवाचें तसें नाहीं. तो कांहीं वर्षें गुणांच्या रकान्यांत राहतो. मग केव्हां तरी, कोणालाही न कळवितां, त्याचें नांव बदलतें आणि लोक त्याला वय म्हणूं लागतात.

हें नामांतर नेमकें केव्हां होतें याचा शोध घेण्याची संधि मला त्रेपन्नाव्या वर्षीं मिळाली. ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मी १९९८ पासून इंग्रजी शिकवीत होतों, तें २०२३ सालीं विद्यार्थ्यांच्या अभावीं बंद पडलें. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतांना १९८३ सालीं महाराष्ट्रांत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली, आणि पुढें तीं भुईछत्र्यांसारखीं उगवलीं. पावसावर उगवलेलें पाऊस सरल्यावर सुकावयाचेंच; त्याबद्दल निसर्गाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. संस्थेनें आमचे कांहीं महिन्यांचे पगार थकविले, शेवटीं एक छापील पत्र हातीं दिलें, आणि प्रयोगशाळेंतील सामान व अध्यापकवर्ग या दोहोंची विल्हेवाट एकाच बैठकींत लावून टाकली. तिचें नांव घेऊन मला येथें रडगाणें गावयाचें नाहीं. सामानाला गिऱ्हाईक लौकर मिळालें, एवढेंच नमूद करतों.

उपाशी मरण्याची वेळ आली होती असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. माझी पत्नी शाळेंत शिक्षिका आहे. मुलगी त्या वेळीं पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ठाण्याच्या घराचे हप्ते चार वर्षांचे उरले होते. परंतु स्वास्थ्य आणि उपासमार यांच्यामध्यें मध्यमवर्गाच्या घरांत एक लांबच लांब जिना असतो. त्याची एक एक पायरी खालीं उतरतांना शेजाऱ्यांना पावलांचा आवाज ऐकूं जाऊं नये म्हणून मनुष्य फार जपतो. आम्हींही जपलों. दोन वर्तमानपत्रांचें एक झालें, दिवाळींतला प्रवास 'यंदा फार गर्दी असते' म्हणून रहित झाला, आणि एरवीं माझ्या विसराळूपणावर बोलणारी पत्नी त्या दिवसांत विजेचें बिल स्वतःच भरूं लागली. तेंही मला न सांगतां.

भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरींत जाऊन मीं आपल्या निवृत्तिवेतनाचा अंदाज काढून आणला. ही योजना १९९५ ची. तिचें सूत्र सुटसुटीत आहे: पात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनीं गुणावें आणि सत्तरानें भागावें. मात्र 'पात्र पगार' म्हणजे हातांत पडणारा पगार नव्हे. सप्टेंबर २०१४ पासून तो फार तर १५,००० रुपये धरावा असें ठरलें. त्याआधीं ती मर्यादा ६,५०० होती. तेंही वेतन मिळावयाचें अठ्ठावन्नाव्या वर्षीं. पन्नाशीनंतर पण अठ्ठावन्नच्या आधीं हवें असेल तर जितकीं वर्षें आधीं, तितके चार-चार टक्के कमी. माझ्या नांवासमोर जो आंकडा आला तो येथें देत नाहीं. आमच्या वाण्याच्या वाचनांत हें मासिक आलें तर त्याचा माझ्यावरील विश्वास उडेल.

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकाला अशा वेळीं चार्लस् लँब आठवल्यावांचून राहत नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत तेहेतीस वर्षें कारकुनी करून तो १८२५ सालीं निवृत्त झाला, तेव्हां त्याचें वय पन्नास होतें. त्याच सालीं त्यानें त्या अनुभवावर लिहिलेला निबंध मीं तरुणपणीं वर्गांत शिकविला आहे. एकाएकीं हातीं आलेल्या मोकळ्या वेळाचें काय करावें, ही त्यांतील कारकुनाची व्यथा पंचविसाव्या वर्षीं मला फारच हृद्य वाटत असे. आतां तो निबंध पुन्हां काढला, आणि लँबला पगाराच्या सुमारें दोन-तृतीयांश निवृत्तिवेतन मिळालें होतें या गोष्टीकडे प्रथमच माझें लक्ष गेलें. हृद्य व्यथेलाही असा कांहीं आधार लागतो.

मग मी अर्ज लिहावयास बसलों. माझा पुतण्या पुण्यास एका कंपनींत नोकरभरतीच्या खात्यांत आहे. त्याला मीं आपला बायोडाटा पाठविला. पांच पानें होतीं. रात्रीं त्याचा फोन आला. मुलगा गुणी आहे; बोलावें कीं न बोलावें असें त्याला झालें होतें, हें त्याच्या आवाजावरून कळत होतें.

"काका, पहिलीं दहा वर्षें काढून टाका."

"काढून टाकूं म्हणजे? तीं झालींत ना?"

"झालींत, पण सांगावयाचीं नाहींत. पदवी कोणत्या सालीं मिळाली तेंही नको. दोन पानांत बसवा. आणि फोटो मागितलाच तर... केसांचें कांहीं तरी करा."

ही सूचना अपमानकारक आहे असें कित्येकांना वाटेल. मला तसें वाटलें नाहीं, आणि अजूनही वाटत नाहीं. न विचारलेली गोष्ट न सांगणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे. लग्नाच्या बोलण्यांत दोन्ही बाजूंचे प्रतिष्ठित लोक याहून कितीतरी अधिक गाळतात. मीं मुकाट्यानें पेन्सिल घेतली आणि दहा वर्षांवर रेघ मारली. केसांना मात्र हात लावला नाहीं, त्यांत तत्त्व कांहीं नव्हतें. रंगाची मला खाज सुटते.

परंतु रेघ मारल्यावर खालीं काय गाडलें गेलें तें पाहण्याचा मोह आवरला नाहीं. १९९३ ते १९९८ हीं पांच वर्षें मी मुंबईच्या एका रात्र-महाविद्यालयांत शिकवीत असें. संध्याकाळीं साडेसहाला वर्ग भरे. बांकांवर कचेऱ्यांतील शिपाई, दुकानांतील विक्रेते, एक पोस्टमन, रुग्णालयांतील एक वॉर्डबॉय असे लोक येऊन बसत. त्यांतील निम्मे माझ्याहून वयानें वडील होते आणि तरी मला 'सर' म्हणत. पोस्टमन पहिल्या रांगेंत बसून डुलक्या घेई. मागें कां बसत नाहींस, असें विचारलें तेव्हां तो म्हणाला, "मागें बसलों तर पुरता झोपेन." पदवी मिळाली कीं वरच्या जागेच्या परीक्षेला बसतां येईल, एवढ्या आशेवर चाळिशींतला हा मनुष्य दिवसभर पिशवी खांद्यावर वागवून रात्रीं शेक्सपिअर ऐकत होता. माझ्या आयुष्यांत शिकविण्याचें खरें काम जर कोठें झालें असेल तर तें त्या पांच वर्षांत. आणि बायोडाटांतून नेमकीं तींच गेलीं. उरलीं तीं परीक्षांच्या समित्या, मान्यतेच्या फायली आणि चर्चासत्रांचीं प्रमाणपत्रें. दोन पानांत तीं छान बसलीं.

हल्लीं बहुतेक अर्ज संगणकावरच भरावयाचे असतात. त्यांत जन्मवर्षाचा एक रकाना असतो. त्यावर बोट ठेवलें कीं सालांची यादी उघडते आणि आपलें साल सांपडेपर्यंत ती खालीं खालीं ओढावी लागते. एकोणीसशें नव्वद जातें, ऐंशीं जातें. विहिरींत पोहरा सोडल्यासारखें वाटतें, आणि सत्तरला येऊन पोहोंचेपर्यंत पाणी लागेल कीं नाहीं अशी धास्ती पडते. पुतण्यानें पदवीचें साल गाळावयास शिकविलें. या रकान्यावर त्याच्यापाशींही उपाय नव्हता. अशा सुमारें चाळीस अर्जांपैकीं तिघांचें बोलावणें आलें. उरलेल्यांपैकीं बहुतेकांनीं नकारही कळविला नाहीं, आणि मी त्या मौनाला फारशी नांवें ठेवीत नाहीं. नकाराचीं पत्रें वाचण्यापेक्षां तें सोसावयास सोपें जातें.

पहिल्या ठिकाणीं मला 'डेमो' द्यावयास सांगितलें. रिकाम्या वर्गांत तीन परीक्षक बसले होते. तिघांच्याही वयाची बेरीज शंभराच्या आंतबाहेर असेल. समोर मुलें नसतांना शिकवावयाचें म्हणजे पाणी नसलेल्या हौदांत पोहून दाखवावयाचें. तरी मीं वीस मिनिटें हात मारले. त्यांनीं सौजन्यानें आभार मानले आणि एकानें विचारलें, "सर, आमचे विभागप्रमुख तुमच्याहून सतरा वर्षांनीं लहान आहेत. त्यांच्या हाताखालीं काम करण्यांत तुम्हांला अडचण वाटणार नाहीं ना?" मीं सांगितलें कीं मला वाटणार नाहीं. त्यावर तिघांनीं एकमेकांकडे पाहिलें. अडचण त्यांना वाटत होती, आणि ती माझ्या तोंडून वदवून घ्यावी अशी त्यांची इच्छा होती. दुसऱ्या ठिकाणीं, माझी पात्रता जागेच्या मानानें फार आहे, असें कळविण्यांत आलें. ही पात्रता मीं मागाहून त्यांच्याकडे कमी करून मागितली असती, तर ती त्यांनीं कशी कमी केली असती कोण जाणे!

तिसऱ्या ठिकाणचा प्रश्न मात्र मनांत घर करून बसला. संस्थेचे चिटणीस म्हणाले, "आपण आणखी किती वर्षें काम करण्याचा विचार करीत आहां?" प्रश्न सभ्य होता आणि चेहऱ्यावरही सभ्यताच होती. मीं सात वर्षें असें उत्तर दिलें. बाहेरच्या बांकावर अठ्ठावीस वर्षांचा एक उमेदवार बसला होता. त्याच्याशीं बोललों तेव्हां कळलें कीं तीन वर्षांत ही त्याची चौथी नोकरी ठरणार होती. त्याला हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. सात वर्षें खात्रीनें राहणाऱ्या मनुष्याचा शेवट दिसतो म्हणून तो नको, आणि सात महिन्यांत जाणाऱ्याचा दिसत नाहीं म्हणून तो हवा, असा हा हिशेब आहे. ती जागा त्या तरुणालाच मिळाली. तो चांगला मुलगा होता. पाणी कोठें मिळतें तें मला त्यानेंच दाखविलें.

अमेरिकेंत १९६७ पासून चाळिशीपुढच्या मनुष्याला केवळ वयावरून नोकरी नाकारणें बेकायदेशीर आहे. कायद्यानें तेथील म्हाताऱ्यांचें सोनें झालें असें नाहीं; पण निदान मनांतील प्रश्न चिटणिसांना मनांतच ठेवावा लागतो. आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमांत सरकारी नोकरींत कोणकोणत्या कारणांनीं भेदभाव करूं नये त्यांची यादी आहे. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास. ही यादी मीं विद्यार्थ्यांना भाषांतरासाठीं अनेक वेळां दिली आहे. तींत वय नाहीं, हें त्या संध्याकाळीं गाडींत बसल्यावर ध्यानांत आलें. आणि वयाबरोबर मला माझे वडील आठवले; कारण अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं नोकरी शोधणारा एक मनुष्य मीं बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून पाहिला होता.

वडील लालबागच्या एका गिरणींत साचे खात्यांत होते. १९५६ सालीं ते बदली म्हणून लागले. बदली म्हणजे काय हें आतां कदाचित् सांगावें लागेल. रोज पाळीच्या वेळीं गिरणीच्या दाराशीं जाऊन उभें राहावयाचें. कायमच्या कामगारांपैकीं कोणी आला नसेल तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतें काम मिळावयाचें. सगळे आले असतील तर घरीं परतावयाचें. अशीं कांहीं वर्षें काढून ते कायम झाले. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले, त्या वेळीं वडील सेहेचाळीस वर्षांचे होते. तो संप संपला असें रीतसर कोणीं जाहीर केलें नाहीं. जुनें कापड विरतें तसा तो विरत गेला. गिरण्या एकेक करून सुरू झाल्या, परंतु जितके बाहेर पडले होते तितक्यांना आंत घेतलें नाहीं. आणि वडील बाहेर राहिलेल्यांत होते.

आई आणि आम्ही भावंडें त्यांतील कांहीं महिने कोंकणांत गांवीं होतों. परत आलों तेव्हां आई तयार कपड्यांना काजें-बटणें करण्याचें काम घरीं आणूं लागली होती आणि वडील रोज सकाळीं दाढी करून बाहेर पडत होते. ते कोठें जात हें आम्हांला ठाऊक असे. त्यांनीं तें कधीं लपविलें नाहीं. रात्रीं जेवतांना ते त्या दिवशींच्या ठिकाणांचीं नांवें सांगत, जशीं कोणी यात्रेंतील देवळांचीं सांगावींत: आज छापखाना, आज बिस्किटांचा कारखाना, आज गोदी. एके दिवशीं ते नांव न सांगतांच जेवले. पुष्कळ वर्षांनीं आईकडून मला त्या दिवसाची हकीकत कळली. एका कारखान्यांतील मुकादमानें त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून म्हटलें होतें, "तुमचं वय झालं. मुलगा असेल तर त्याला आणा, लावून घेतो."

मी त्या वेळीं आठवींत होतों. कारखाना घरापासून दहा मिनिटांवर होता, आणि त्या दिवसांत गिरणगांवांतील माझ्या वर्गांतलीं कित्येक मुलें अशाच रीतीनें वर्गांतून गेलीं. "मुलगा शाळेत जातो," एवढेंच बोलून वडील तेथून निघाले. तें वाक्य त्यांनीं उच्चारलें नसतें तर लँबच्या निवृत्तिवेतनाची चौकशी करण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

१९८४ सालीं त्यांना काम मिळालें तें भिवंडीस, यंत्रमागाच्या एका कारखान्यांत. पत्र्याची शेड, दोन दिव्यांखालीं कडकडणारे माग, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर. मालकाच्या माणसानें त्यांना एका मागापुढें उभें केलें आणि तुटलेला ताण्याचा धागा जोडून दाखवावयास सांगितलें. वडिलांनीं गांठ मारली. त्यानें दुसरें विचारलें तें असें कीं, किती माग संभाळाल? चार, असें वडील म्हणाले, आणि त्याच रात्रींपासून कामाला लागले. त्यांना वय विचारलें नाहीं. ही गोष्ट ते पुढें जन्मभर अभिमानानें सांगत. गिरणीच्या कचेरीला कागद लागतो, भिवंडीला हात पुरला, असा त्यांचा भाव असे. आणि ऐकतांना माझीही छाती भरून येत असे.

तिसऱ्या मुलाखतीनंतर गाडींत बसून मीं त्याच गोष्टीचा पुन्हां विचार केला, आणि तेव्हां ती मला निराळी दिसली. भिवंडीच्या त्या शेडमध्यें भविष्यनिर्वाह निधि नव्हता, रजा नव्हती, ग्रॅच्युइटी नव्हती. ताप आला कीं त्या दिवसाची मजुरी गेली. हात थरथरूं लागला कीं मागापुढें दुसरा हात उभा. वडिलांचें वय विचारलें नाहीं, कारण तें कोणाच्या अंगावर येणार नव्हतें. चिटणिसांनीं माझें विचारलें, कारण तें कदाचित् त्यांच्या अंगावर आलें असतें: वरची वेतनश्रेणी, आजारपण, ग्रॅच्युइटी, निरोपसमारंभाची शाल. उतारवयांतील मनुष्याला जें दार बिनबोभाट उघडतें, त्याच्या आंत त्याचें देणें कोणीच मानीत नाहीं, असें मला वाटूं लागलें आहे. वडिलांच्या कौशल्याची किंमत यानें कमी होत नाहीं. चार माग त्यांनीं खरोखरच संभाळले, अकरा वर्षें. परंतु त्यांच्या अभिमानांत मीं माझा अभिमान मिळविला होता, तो आतां मला जरा वेगळा काढून ठेवावा लागला.

वडिलांना निदान कायद्यानें 'कामगार' हें नांव होतें. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत, कपात करतांना शेवटीं आलेल्यास आधीं काढावें, आणि पुन्हां भरती करतांना काढलेल्यास आधीं बोलवावें, अशीं कलमें होतीं. त्यांना त्यांचा उपयोग झाला नाहीं ही गोष्ट निराळी. मला तीं लागूच नव्हतीं. १९८८ सालीं गोव्यांतील एका शिक्षिकेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, शिक्षक हे या कायद्याच्या अर्थानें कामगार नव्हेत. त्यांचें कार्य त्याहून उदात्त स्वरूपाचें आहे. वडील हयात असते तर हें ऐकून ते खूप हसले असते. पोराला शिकवून वर चढविलें तें इतकें वर, कीं खालीं अंथरलेली जाळी त्याच्यापर्यंत पोहोंचेना!

गेल्या वर्षापासून मी कल्याणच्या पलीकडे एका औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत जातों. तेथें पहिल्या सत्रांत मुलांना संभाषणकौशल्य हा विषय असतो, आणि तो शिकविण्यास त्यांना कोणी हवें होतें. प्राचार्या पस्तिशीच्या आहेत. त्यांनीं माझा दोनपानी बायोडाटा चाळून बाजूला ठेवला आणि विचारलें, "सर, आठवड्याला सोळा तास जमतील? सोमवारपासून येऊं शकाल?" करार अकरा महिन्यांचा, मानधन ठोक, सुट्टीचे दिवस वजा. पूर्वीच्या पगाराच्या निम्म्याला तें थोडें कमी भरतें. त्यांनीं वय विचारलें नाहीं. तें माझ्या तत्काळ लक्षांत आलें, आणि कां विचारलें नाहीं तेंही. तरी मीं होकार दिला. पत्नीला सांगितलें तेव्हां तिनें पहिला प्रश्न केला, "अहो, पण जाण्यायेण्यास गाडी कोणती?" या प्रश्नांत तिचें सर्व समाधान आणि सर्व काळजी सामावली होती. गाडीचें बरें आहे. सकाळीं ठाण्याहून सारें जग मुंबईकडे धांवत असतें, आणि मी उलट दिशेनें जात असल्यामुळें मला खिडकी मिळते. विजेचें बिल मात्र अजून तीच भरते.

मुलें सरळ आहेत. त्यांतलीं बरींच शहापूर-मुरबाडकडून येतात, इंग्रजीला भितात, आणि भीति लपविण्यासाठीं मागें बसतात. पहिल्या आठवड्यांत मीं त्यांना त्या पोस्टमनची गोष्ट सांगितली, बायोडाटांतून काढलेल्या वर्षांतली. एक मुलगी दुसऱ्या दिवशीं पुढच्या बांकावर येऊन बसली. बाकीचे अजून मागेंच आहेत. विभागांत माझ्या मुलीहून चार-पांच वर्षांनीं मोठी अशी एक अध्यापिका आहे. तिची नेमणूक माझ्याच अटींवर आहे, करार तिचाही अकरा महिन्यांचा आहे, आणि हें तिला अन्यायाचें वाटतें कीं नाहीं तें मी अजून विचारलेलें नाहीं. ती मला यंत्रावर गुण कसे भरावयाचे तें दाखविते आणि मी तिच्या शोधनिबंधांतील इंग्रजी तपासून देतों.

रोज सकाळीं कचेरींत हजेरीबुकावर सही करावयाची असते. नांवें रुजू झाल्याच्या क्रमानें आहेत. माझें सर्वांच्या खालीं आहे, आणि त्याच्या खालीं कारकुनानें पट्टी लावून चार रिकाम्या ओळी आंखून ठेवल्या आहेत.